पितळेतली काळी पाच

शाळेत मी गाणं शिकवते. पेटी, तबला, प्रार्थना, स्नेहसंमेलनातली समूहगीतं, एवढाच माझा संसार होता. एका जूनमध्ये मुख्याध्यापकांनी क्रीडासाहित्याच्या खोलीतलं एक कपाट उघडून दाखवलं. आत चार ट्रम्पेट, दोन ट्रॉम्बोन, एक युफोनियम आणि तळाशी गोणपाटात गुंडाळलेला बिगुल. "बाई, संगीत तुमच्याकडे, म्हणजे हेही तुमच्याकडेच," ते म्हणाले. १५ ऑगस्टला आठ आठवडे होते.

त्यातल्या त्यात चकचकीत ट्रम्पेट मी उचलला, ओठांना लावला आणि जोरात फुंकला. पलीकडून नुसता वारा आला, चुलीपुढच्या फुंकणीतून येतो तसा. वाटलं, बटणं दाबायची राहिली असतील. तिन्ही दाबली. आता वाराही कमी आला.

ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. बासरीत फुंकर छिद्राच्या कडेवर आपटते आणि नाद होतो. सनईत पत्ती थरथरते. ट्रम्पेटमध्ये यातलं काहीच नाही. एक लांब नळी, तिच्या एका टोकाला माउथपीसचा छोटा कप, दुसऱ्या टोकाला भोंगा. पत्तीचं काम वाजवणाऱ्याच्या ओठांनी करायचं असतं. ओठ मिटायचे आणि मागून हवेचा दाब द्यायचा. दाबाने ओठ उघडतात, हवा निसटते, ओठ आपल्या ताणाने पुन्हा मिटतात, पुन्हा उघडतात. ट्रम्पेटचा नेहमीचा खालचा सा निघायला हे सेकंदाला सुमारे २३३ वेळा व्हावं लागतं. ज्याने शंख फुंकलाय त्याच्या ओठांना हे आधीच माहीत असतं, कारण शंख, मिरवणुकीपुढची तुतारी, बिगुल आणि ट्रम्पेट ही एकाच कुळातली भावंडं. 'ब्रास' हे नाव पितळेवरून पडलं असलं तरी कूळ ओठांवरून ठरतं. सॅक्सोफोन अख्खा पितळेचा, पण त्याला पत्ती असते म्हणून तो या घरचा नाही. शंखात औषधालाही पितळ नाही, तरी तो आहे.

मला शिकवायला भेटले ते सैन्याच्या बँडमधून निवृत्त होऊन गावी परतलेले एक बँडमास्तर. त्यांचं शिक्षण पचमढीचं. सैन्याच्या बँडवाल्यांना तिथे शिकवतात, १९५० सालापासून. पहिला आठवडाभर मास्तरांनी मला ट्रम्पेटला हात लावू दिला नाही. फक्त माउथपीस, लिंबाच्या फोडीएवढा.

"बाई, 'म' म्हणा. पण 'अ' म्हणू नका," ते म्हणाले.

मी 'म्' वर थांबले. ओठ आपोआप मिटले, दोन्ही कोपरे घट्ट झाले, मधला भाग मऊ राहिला. हीच बैठक. त्यावर माउथपीस टेकवायचा, ट्रम्पेटसाठी साधारण अर्धा वरच्या ओठावर आणि अर्धा खालच्या, आणि त्या मिटलेल्या ओठांतून हवा सोडायची. बाटलीत सापडलेल्या माशीसारखा आवाज येतो. तो आला की वाद्य वाजलंच समजा, पुढची नळी फक्त त्याला आकार देते. गाल फुगवायचे नाहीत. डिझी गिलेस्पी हा थोर जाझ ट्रम्पेटवादक गाल बेडकासारखे फुगवून वाजवायचा आणि मुलांनी ते मोबाइलवर पाहिलेलं असतं. त्याला ते जमलं. आठवीतल्या मुलाचे गाल फुगले की ओठांचे कोपरे सैल पडतात आणि सूर घसरतो.

नुसत्या माउथपीसवर सा-रे-ग-म वाजवता येतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तिथे बटण नाही की पट्टी नाही. ओठांचा ताण वाढला, हवेचा वेग वाढला की सूर चढतो. मास्तर पेटीवर एक सूर धरायचे, मी तो आधी गळ्याने गायचे आणि मग माउथपीसवर काढायचे. "पेटीवर बोट चुकलं तर सूर चुकतो," ते म्हणाले. "इथं बोट बरोबर असूनसुद्धा सूर चुकतो." पितळी वाद्य शिकवणाऱ्याने एवढं एक वाक्य पाठ करावं. बाकीचं सगळं याच्याच पोटात येतं.

दुसऱ्या आठवड्यात ट्रम्पेट हातात मिळाला, पण बटणांना बोट लावायचं नाही या अटीवर. पहिला स्थिर सूर निघाला तेव्हा पेटीवर पडताळून पाहिलं. काळी पाच. मी स्वतः काळी पाचमध्येच गाते. कपाटातला तो परका भोंगा माझ्याच पट्टीतला निघाला. इंग्रजी पुस्तकांत त्याला बी-फ्लॅट ट्रम्पेट म्हणतात ते याच अर्थाने.

मग ओठ थोडे आवळले तर सूर उडी मारून पंचमावर गेला. आणखी आवळले तर तार षड्ज. पुढे तार गंधार, तार पंचम. मधले रे, ग, म कितीही प्रयत्न केले तरी धरून ठेवता येईनात. ते जणू नळीत नव्हतेच. आणि खरंच नसतात. ट्रम्पेटची नळी उलगडली तर सुमारे १४८ सेंटिमीटर भरते. तिच्यातली हवा तंबोऱ्याच्या तारेसारखीच कंप पावते, म्हणजे अख्खी, दोन भागांत, तीन भागांत, चार, पाच अशी. अख्खी कंप पावते तो खर्ज, तो काढायला अवघड आणि एरवी फारसा लागत नाही. दोन भागांत मध्य सा, तीनमध्ये प, चारमध्ये तार सा, पाचमध्ये तार ग, सहामध्ये तार प. नळी एवढेच सूर देते, आणि त्यातला कोणता बोलायचा ते ओठ ठरवतात.

इथे भोंग्याबद्दल थोडं सांगायला हवं. एका टोकाला बंद असलेली सरळ नळी खरं तर एक, तीन, पाच अशा विषम पटींतलेच नाद देते, आणि ओठांनी हे टोक बंदच केलेलं असतं. माउथपीसचा कप आणि पुढे उमलत जाणारा भोंगा मिळून त्या नादांना आपल्या जागेवरून सरकवतात आणि जवळजवळ पूर्ण मालिकेत आणून बसवतात. भोंगा फक्त आवाज मोठा करायला लावलेला नसतो. तो कापला तर वाद्य बेसूर होईल.

गाणाऱ्यांसाठी खरी गंमत गंधारात आहे. पाच भागांतून येणारा हा गंधार पेटीच्या गंधाराहून १४ सेंट उतरा असतो (पेटीच्या शेजारच्या दोन सुरांतलं अंतर म्हणजे १०० सेंट). पाश्चात्त्य पुस्तकं सांगतात की हा सूर 'थोडा खाली' आहे, सांभाळून घ्या. मी ऐकला आणि ओळखला. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप कानावर येतो तो स्वयंभू गंधार, तोच हा. ज्या मुलांना आपण तंबोऱ्याजवळ बसवून गंधार ऐकवतो, त्यांना ट्रम्पेटचा गंधार उतरलेला वाटत नाही. त्यांना पेटीचा चढलेला वाटतो. सातव्या भागाचा कोमल निषाद मात्र ३१ सेंट उतरा असतो, तो कुणालाच चालत नाही आणि वाजवणारे त्याला वळसा घालून जातात.

बिगुलाला बटणं नसतात, त्यामुळे त्याचे सगळे संकेत याच चार-पाच सुरांतून बांधलेले असतात. तुतारीचंही तेच. आमचा पहिला कार्यक्रमही मी याच सुरांत बसवला. १५ ऑगस्टला ध्वज वर जाताना चार मुलांनी बिनबटणांची सलामी वाजवली, सा प सा, सा प सा, शेवटी तार ग. आठ आठवड्यांत याहून जास्त झेपलं नसतं, आणि ऐकणाऱ्यांना त्यात काही कमी वाटलं नाही.

आता बटणं. त्यांना पिस्टन म्हणतात. पिस्टन दाबला की हवेला एक जादा वळसा घालून जावं लागतं, नळी तेवढी लांब होते आणि सूर खाली येतो. मधला, म्हणजे दुसरा पिस्टन अर्धा स्वर उतरवतो, पहिला एक स्वर आणि तिसरा दीड. पेटी वाजवणाऱ्याला इथे उलटं वाटतं, कारण ट्रम्पेटवर बोट दाबून सूर कधीच चढत नाही. रे काढायचा असेल तर सा वरून चढायचं नसतं, प वरून उतरायचं असतं.

सा आणि प यांच्यात सात अर्धस्वरांचं अंतर. म्हणजे प वरून खाली येताना मध्ये सहा पायऱ्या भराव्या लागतात. तीन पिस्टनांचे अर्धस्वर दोन, एक आणि तीन, बेरीज सहा. हिशेब इतका चोख आहे. प वरून दोन अर्धस्वर उतरलात, पहिला पिस्टन, की म. तीन उतरलात, पहिला आणि दुसरा, की ग. पाच उतरलात, पहिला आणि तिसरा, की रे. तार सा वरून एक उतरलात, दुसरा पिस्टन, की नि. तीन उतरलात, पहिला-दुसरा, की ध. शुद्ध सप्तक झालं. ग आणि ध यांची बोटं सारखीच, फक्त ओठ वेगळे. मुलं इथेच गोंधळतात, आणि बोटांचा तक्ता भिंतीवर लावून हा गोंधळ जात नाही. ध वाजवण्याआधी तो गाऊन घ्यायचा, मग बोटं ठेवायची. जो सूर डोक्यात नाही तो ट्रम्पेटमधून येत नाही, शेजारचा येतो.

ही सोय फार जुनी नाही. श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघा जर्मन वादकांनी बर्लिनमध्ये पिस्टनांसारख्या झडपांचं पेटंट घेतलं ते १८१८ साली. आज ट्रम्पेटवर दिसणारी सुबक घडण पॅरिसच्या पेरिनेची, तीही १८३०च्या दशकाच्या अखेरची. त्याआधी वादक पट्टी बदलायला नळीचे सुटे वळसे बरोबर बाळगत आणि ते काढून-घालून काम चालवत.

एक अडचण मात्र पिस्टनांनी सुटली नाही, आणि शिक्षकाने ती समजून घ्यावीच. प्रत्येक वळसा मूळ नळीच्या मापाने कापलेला असतो. पहिला सुमारे १८ सेंटिमीटरचा, तिसरा सुमारे २८चा. रेसाठी दोन्ही दाबले की ४६ सेंटिमीटर वाढतात. पण पाच अर्धस्वर उतरायला वाढ हवी असते साडेएकोणपन्नासची. तीन-साडेतीन सेंटिमीटर कमी पडतात आणि रे चढा लागतो. म्हणून तिसऱ्या वळशाला सरकती नळी आणि बोट घालायला कडी असते. रे आला की डाव्या हाताच्या बोटाने ती पावणेदोन सेंटिमीटर बाहेर ढकलायची. वळसा दुहेरी, त्यामुळे तेवढ्याने दुप्पट लांबी मिळते. आमच्या कपाटातल्या दोन ट्रम्पेटांच्या या सरकत्या नळ्या गंजाने चिकटून बसल्या होत्या, आणि मी महिनाभर मुलांच्या रेला नावं ठेवत होते.

स्वरलिपीचा एक घोळ. ट्रम्पेटच्या कागदावर पांढरी एक लिहिलेली असते आणि वाजते काळी पाच. ट्रॉम्बोनच्या कागदावर मात्र जे वाजतं तेच लिहितात. आम्हाला सा-रे-ग-मची सवय असल्याने हे सोपं गेलं. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि युफोनियम, तिघांचीही मोकळी नळी काळी पाचचीच, तेव्हा फळ्यावर सा लिहिला की सगळ्यांचा सा. पुढे फ्रेंच हॉर्न आला तर त्याची मूळ पट्टी पांढरी चार, आल्टो हॉर्नची काळी दोन, एवढं ध्यानात ठेवायचं.

ट्रॉम्बोनला पिस्टन नाहीत, लांबी सरकत्या नळीने बदलते. त्याच्या सात जागा. पहिली पूर्ण आत, मग प्रत्येक जागेला अर्धा स्वर खाली. तीन पिस्टनांचं आणि सात जागांचं गणित एकच. जागांवर खुणा नसतात आणि पुढच्या जागा अधिकाधिक लांब होत जातात. तिसरी भोंग्याच्या काठापाशी, चौथी त्याच्या जरा पुढे, एवढाच आधार. माझ्या मते गाणं शिकलेल्या मुलासाठी हे सगळ्यात योग्य पितळी वाद्य आहे. त्यावर मींड येते. फक्त मुलाचा हात पुरायला हवा, पाचवीतल्या बुटक्या मुलाला सातवी जागा गाठता येत नाही.

कोणाला काय द्यायचं, यावर पालक फार बोलतात, ओठ जाड की पातळ वगैरे. ओठांच्या जाडीवरून मी आता काही ठरवत नाही. समोरचे दात पाहते. दुधाचे पडून पक्के आले नसतील तर थांबायचं. दातांना तार लावलेली असेल तर दंतवैद्यांना विचारून. मग माउथपीस देऊन पाहायचं. उंच आवाज सहज काढणारा ट्रम्पेटकडे, भरदार खालचा काढणारा युफोनियमकडे. लहान चणीच्या मुलाला कॉर्नेट मिळालं तर उत्तम. त्याची नळी ट्रम्पेटएवढीच, पण जास्त गुंडाळलेली, त्यामुळे भार अंगाजवळ राहतो.

श्वासाचं शिकवायला गाण्याचे मास्तर काय करतात ते आपल्याला माहीतच आहे. खांदे न उचलता कमरेशी बरगड्या फुलल्या पाहिजेत. सुरुवात जिभेने करायची. इंग्रजी पुस्तकात वाचून मुलं 'टू' म्हणतात, जीभ वर वळते आणि सूर ठेचकाळतो. आपला दंत्य 'तू' म्हटला की जीभ दातांमागे हलकी लागते. जलद वाजवायला 'तूकू तूकू'. तबल्याचे बोल म्हणणाऱ्या मुलांची जीभ यात सगळ्यांच्या पुढे असते.

सर्वांत महत्त्वाचं, माउथपीस ओठांवर दाबायचा नाही. वरचा सूर येईना की मूल ट्रम्पेट दातांवर रेटतं. सूर क्षणभर येतो, पण ओठांचं रक्त थांबतं आणि पाच मिनिटांत ओठ मेल्यासारखे होतात. ओठांवर लाल कडं उमटलं असेल तर तास संपला. मी दहा मिनिटं वाजवायला लावते आणि दहा मिनिटं गायला, आळीपाळीने. राष्ट्रगीताची पूर्ण धून सुमारे ५२ सेकंदांची असते, आणि तेवढा वेळ ओठ टिकायला आम्हाला २६ जानेवारी उजाडली. त्या सकाळी थंडीने सगळी वाद्यं उतरली होती, कारण थंड हवेत ध्वनीचा वेग कमी होतो. मास्तरांनी मुलांना आवाज न काढता नळ्यांत नुसते उष्ण श्वास सोडायला लावले. पाच मिनिटांत काळी पाच जागेवर आली.

देखभालीबद्दल थोडं, कारण अर्धी वाद्यं वाजवून नाही, घासून मरतात. आमच्याकडच्या मावशींनी एक ट्रम्पेट मायेने चिंच आणि राखेने घासला. चकाकी आली आणि वरचा लॅकरचा थर गेला. आठवड्याला कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश पुरे. पिस्टनांना त्यांचं पातळ तेल लागतं, शिवणयंत्राचं नको. खालच्या झडपेतून गळतं ते बहुतेक श्वासातल्या वाफेचं पाणी असतं, थुंकी नव्हे, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. माउथपीस मात्र प्रत्येकाचा वेगळा, आणि त्याचा चांदीचा मुलामा उडाला असेल तर तो ओठांना लावू नये. मी स्वतः केलेली चूक अशी. धुऊन झाल्यावर पिस्टन परत बसवले आणि हवा आतच जाईना. तासभर नळीत अडकलेला बोळा शोधला. बोळा नव्हताच, पहिल्याच्या घरात तिसरा गेला होता. प्रत्येक पिस्टनवर त्याचा आकडा कोरलेला असतो.

सरावाला पुस्तक हवं असेल तर पॅरिसच्या आर्बानचं १८६४ सालचं कॉर्नेटचं पुस्तक अजून जगभर वापरात आहे. पण आपल्याकडची मोठी परंपरा कानाची. लग्नाच्या बँडमधले कित्येक वादक कागदाशिवाय, ऐकून गाणी बसवतात. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मात्र मुलं आधी स्वरलिपी गायला शिकत आणि मग वाद्य घेत. त्या वळणाने आलेले ट्रम्पेटवादक मुंबईच्या सिनेसंगीतात दिसले. सी. रामचंद्रांच्या १९५१च्या 'अलबेला'त चिक चॉकलेट आहेत, त्यांचं मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ. दोन्ही वाटांनी गेलेल्यांचं ऐका. आधी गळा, मग पितळ, हा क्रम दोन्हीकडे दिसतो.

तुमच्या शाळेतही असं बंद कपाट असण्याची शक्यता आहे. उघडाल तेव्हा माउथपीस अडकलेला आणि पिस्टन बसलेले सापडतील. पक्कड लावू नका, नळी पिळवटते. पिस्टनांवर तेल सोडा आणि एक रात्र थांबा. माउथपीस काढायचं हत्यार वाद्यदुरुस्तीवाल्याकडे असतं, त्याला ते काम दोन मिनिटांचं.